माल तुमना, काटा आमना

आमच्या घरात धान्याच्या कोठीवर एक पत्र्याचा डबा असे. वडील त्यात तीनच गोष्टी ठेवत: सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि विकलेल्या मालाच्या पट्ट्या. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची केळी आणि कपाशी. डबा माझ्या हाती आला तेव्हा मी पट्ट्या आधी काढल्या. एका पट्टीवर केळीचं वजन लिहिलेलं होतं. त्याखाली दांड्याचं वजन वजा, त्याखाली कट्टी वजा, मग भराई वजा, मग नुसतंच 'इतर' वजा. शेवटी उरलेली रक्कम आणि तिच्यासमोर वेगळ्या शाईत दोन शब्द: 'पुढच्या महिन्यात'. तो पुढचा महिना कधी उगवला हे पट्टीवर नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या वर्षी आईची पोत दसऱ्याला सोनाराकडे गेली आणि संक्रांतीनंतर परत आली.

व्यापारी ओळखीचा होता. ओट्यावर बसून चहा घ्यायचा, लग्नाकार्याला यायचा, अडीनडीला हातउसने पैसेही द्यायचा. वडील त्याला शेठ म्हणत आणि तो वडिलांना आप्पा. पट्टी वाचून झाल्यावर वडील रागावत नसत. अहिराणीत एवढंच म्हणत, "माल तुमना, काटा आमना." आणि पट्टी डब्यात टाकून झाकण लावत.

पुढच्या पानांचा विषय त्या पट्टीवरच्या 'वजा' या शब्दात सामावलेला आहे.

शेतमालाच्या प्रश्नावर आपण बोलायला बसलो की बोलणं भावावर येतं, आणि ते योग्यच आहे. हमीभाव, आयात-निर्यात, उत्पादनखर्च यांवर आपल्याकडे चार दशकं आंदोलनं झाली, ग्रंथ लिहिले गेले, सरकारं हादरली. पण भाव ठरल्यानंतरही एक व्यवहार उरतो, आणि शेतकऱ्याला लागणारी गळती पुष्कळदा तिथेच असते. ठरलेला भाव माल कापून झाल्यावर खाली येणं. वजनात ठरावीक किलो आधीच कापून घेणं. गाडी भरल्यावर 'माल बारीक निघाला' म्हणून पट्टी बदलणं. पैसे महिनामहिना थकवणं. ठरवून ठेवलेला बाग ऐनवेळी सोडून देणं. आणि लेखी काहीच न देणं. ज्याच्याकडे सौद्याची ताकद जास्त, त्याने ती वापरून समोरच्याच्या गळ्यात घातलेल्या या अटी. जगभर त्यांना आता अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात आणि त्यांच्यासाठी वेगळे कायदे होत आहेत. खानदेशात त्यांना 'बाजाराची रीत' म्हणतात.

केळीचंच घ्या. जळगाव जिल्ह्यातले रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हे तालुके केळीवर जगतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागेचे दोन हंगाम, मृगबाग आणि कांदेबाग. मालाचे प्रकार नवती, पिलबाग, वापसी. रोजचा भाव रावेरला जाहीर होतो आणि सगळ्यांचे कान मात्र सरहद्दीपलीकडच्या बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे असतात. जाहीर झालेला भाव आणि बांधावर मिळालेला भाव यांत अंतर पडतं, ही तक्रार रावेर-यावलच्या कोणत्याही पारावर ऐकायला मिळेल. केळीचा घड तयार झाला की तो थांबत नाही. कापूस घरात ठेवता येतो, ज्वारी कणगीत भरता येते. तयार घडाला चार-आठ दिवसांत कापावंच लागतं, नाहीतर तो झाडावरच पिकायला लागतो आणि दूरच्या बाजाराला निरुपयोगी होतो. मे-जूनमधलं एक वादळ बाग आडवी करून जातं, ती भीती वेगळीच. व्यापाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. तो आज आला नाही, उद्याही आला नाही, तर परवा शेतकरी कोणत्या भावाला कापणी देईल हेही ठाऊक असतं. नाशवंत मालाच्या व्यापारात वाट पाहायला लावणं हेच हत्यार आहे, आणि कोणत्याही पट्टीवर ते नोंदलं जात नाही.

कपाशीची गोष्ट थोडी वेगळी, पण वळण तेच. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्के धरला जातो, १२ टक्क्यांपर्यंत किंमत कमी करून माल घेतला जातो, त्यापुढचा परत. नियम कडक असले तरी लिहिलेले आहेत, यंत्र समोर ठेवलेलं असतं. घराच्या दारात होणाऱ्या खेडा खरेदीत यंत्र म्हणजे व्यापाऱ्याची मूठ. तो बोंड दाबून सांगतो, 'ओलं आहे.' काटा त्याचा, तोलणारा त्याचा, आणि पैशाची निकड शेतकऱ्याची. मापात पाप हा शब्दप्रयोग मराठीत उगाच रुजलेला नाही.

यावर कायदा करावा ही कल्पना नवी नाही, आणि खानदेशाला तर ती कोणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. मात्र पहिला कायदा झाला तो शेतकऱ्यासाठी नव्हता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लिव्हरपूलची नजर खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली. भाव गगनाला भिडले. मग तिकडून ओरड आली, की हिंदुस्थानातून येणाऱ्या गासड्यांत कचरा, सरकी आणि हलक्या जातीचा कापूस मिसळलेला असतो. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला. निरीक्षक नेमले, खटले भरले. खानदेशचे त्या वेळचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचं बी आणून गावोगाव पेरायला लावलं आणि स्थानिक कापूस हटवण्याचा धडाका लावला. भेसळ वाईटच, तिची बाजू घ्यायचं कारण नाही. पण हे लक्षात घ्यावं, की जागतिक साखळीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या गिरणीवाल्याचं नुकसान दिसताच दोन वर्षांत कायदा झाला, आणि साखळीच्या या टोकाला, काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसासाठी तसाच कायदा व्हायला आणखी ६० वर्षांहून अधिक काळ गेला.

तो झाला १९२७ साली: मुंबईचा कापूस बाजार कायदा. त्याआधी वऱ्हाडात १८९७ चा कायदा होता, पण त्यावर व्यापाऱ्यांचीच पकड होती. १९२० च्या दशकात मध्यवर्ती कापूस समितीने शेतकऱ्याच्या कापसाची विक्री आणि त्याचं कर्ज यांची पाहणी करवली, तिच्यासाठी निवडलेल्या भागांत खानदेश होता. आणि १९२७ च्या कायद्याखाली पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला तो आमच्या धुळ्यात, १९३० च्या सुमारास. ही गोष्ट धुळ्याच्या शाळांत शिकवली जायला हवी. तोवर सौदा रुमालाखाली व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांचे चेहरे वाचत बसे. नियंत्रित बाजाराने बोली उघड केली. काटा तपासलेला हवा, हमाली-तोलाई ठरलेली हवी, बाजार चालवणाऱ्या समितीत शेतकरी हवेत. यातली कोणतीच गोष्ट मोठी वाटत नाही. पण रुमाल हटवणं म्हणजे काय, हे त्या रुमालाबाहेर उभ्या राहिलेल्यांना नीट कळलं असणार. त्याच १९३० साली अमेरिकेने नाशवंत शेतमालाच्या व्यापारासाठी कायदा केला. व्यापाऱ्याला परवाना लागणार, पैसे वेळेत द्यावे लागणार, नाहीतर परवाना जाणार. १९८४ मध्ये त्यात आणखी भर पडली: घेतलेल्या मालाचे पैसे चुकते होईपर्यंत तो माल आणि त्याच्या विक्रीचा पैसा विकणाऱ्याच्या नावाने विश्वस्त ठेव म्हणून राखलेला समजायचा. व्यापारी बुडाला तरी बँकेच्या आधी शेतकऱ्याचा हक्क. व्यापारी रातोरात गाव सोडून गेल्याच्या बातम्या ज्या जिल्ह्यांत दर हंगामात वाचायला मिळतात, त्या जिल्ह्यांतल्या माणसाने हे कलम दोनदा वाचावं.

आपल्याकडे १९३९ साली हा विचार कापसापलीकडे इतर शेतमालाला लावला गेला आणि १९६३ साली महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला. पुढे त्या समित्यांचं काय झालं हे मी इथे विस्ताराने सांगणार नाही. राजकारण्यांच्या पहिल्या पायरीपासून गाळ्यांच्या मक्तेदारीपर्यंत ते सर्वांना माहीत आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. समितीचा कायदा चालतो तो बाजाराच्या आवारापुरता आणि राज्याच्या हद्दीपुरता. व्यापार मात्र कधीचाच आवाराबाहेर पडला. केळी तर आवारात येतच नाही, ती बांधावरच कापली जाते, तिथेच तोलली जाते, तिथेच गाडीत चढते. २०१६ साली फळं-भाजीपाला समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. दुसरा निर्णय चांगला होता. पहिल्याने शेतकऱ्याला कुठेही विकायची मुभा मिळाली, पण तिथे काही चुकलं तर दाद कुणाकडे मागायची याचं उत्तर त्यात नव्हतं.

ते उत्तर एकदा मिळालं होतं. थोड्या दिवसांसाठी. आणि तेही धुळे जिल्ह्यातल्याच एका मका उत्पादकाला.

२०२० साली त्याने आपला मका मध्य प्रदेशातल्या व्यापाऱ्यांना विकला. सौदा सुमारे ३ लाख ३२ हजारांचा. हातात आले २५ हजार. बाकीचे पंधरा दिवसांत देतो म्हणाले. चार महिने गेले. खानदेशात चार महिने पैसे थकणं ही बातमीही होत नाही. बातमी झाली ती पुढची. त्या वर्षी केंद्राने आणलेल्या व्यापारविषयक कायद्यात एक तरतूद होती, की माल घेतल्यावर त्याच दिवशी, फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे दिले पाहिजेत, आणि नाही दिले तर प्रांताधिकाऱ्याकडे दाद मागता येईल, त्याने एका महिन्याच्या आत निकाल द्यावा. या शेतकऱ्याने बडवानी जिल्ह्यातल्या पानसेमलच्या प्रांतांकडे अर्ज केला आणि त्याचे पैसे निघाले. २९ नोव्हेंबर २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याची हकीकत देशाला सांगितली. हमीभावाचा मुद्दाही तेव्हा निघाला, आणि तो रास्त होता: त्या वर्षी मक्याचा हमीभाव क्विंटलला १८५० रुपये होता आणि बाजारातले सौदे त्याच्या खूप खाली चालले होते. तीन दिवसांत पैसे मिळण्याच्या हमीने कमी भावाची भरपाई होत नाही. पण परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून चार महिने थकलेला पैसा सरकारी अर्जावर निघाला, हेही खोटं नाही.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा धरून केंद्राच्या तिन्ही कृषी कायद्यांना स्थगिती दिली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला संसदेने ते रद्द केले. 'मन की बात'ला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांचे आक्षेप खरे होते. बाजार समित्या ओस पडतील, दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद होईल, हमीभावाचा शब्द हवेत राहील, ही भीती अनाठायी नव्हती. पण सुक्याबरोबर ओलंही जळालं. तीन दिवसांत पैसे, लेखी पावती आणि राज्याची हद्द ओलांडून पोचणारा अधिकारी, या तीन गोष्टी कायद्याबरोबर गेल्या आणि त्या परत आणाव्यात अशी मागणी पुढे कोणत्याही बाजूने जोर लावून केली नाही. मला याची खंत वाटते, आणि ती मी लपवणार नाही.

दरम्यान युरोपात काय घडत होतं ते पाहू. तिथे शेतकरी आणि ग्राहक यांच्या मध्ये मोजक्या सुपरमार्केट कंपन्या बसल्या आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध पुरवठादारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं साठत होत्या. ब्रिटनने २०१३ साली या कंपन्यांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र लवाद नेमण्याचा कायदा केला. त्या लवादाने २०१६ साली टेस्को या बलाढ्य कंपनीने पुरवठादारांचे पैसे जाणूनबुजून उशिरा दिल्याचा निष्कर्ष जाहीर केला. २०१९ साली युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांसाठी निर्देश काढला. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत. नाशवंत मालाची मागणी ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करायची नाही. सौद्याच्या अटी एकतर्फी बदलायच्या नाहीत. विक्रीशी संबंध नसलेले खर्च पुरवठादाराच्या माथी मारायचे नाहीत. माल ताब्यात आल्यावर खरेदीदाराकडे तो खराब झाला तर त्याचा भुर्दंड पुरवठादारावर टाकायचा नाही. मागितल्यावर सौदा लेखी द्यायचा. तक्रार करणाऱ्याचा सूड उगवायचा नाही. एकूण दहा प्रथांना सरसकट बंदी, आणखी सहा प्रथा आधी स्पष्ट ठरलेल्या असतील तरच चालतील.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा डब्यातली पट्टी शेजारी ठेवली होती. भराई, 'इतर', दांडा, कट्टी, 'पुढच्या महिन्यात'. माझ्या वडिलांची पट्टी ब्रुसेल्सच्या कागदात ओळीने सापडत गेली.

त्या निर्देशात आणखी दोन गोष्टी आहेत. माल घेणारा युरोपात असेल तर बाहेरच्या देशातला पुरवठादारही तिथे तक्रार करू शकतो. आणि तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायची सोय आहे, त्याच्या वतीने त्याची संघटनाही तक्रार करू शकते. ही दुसरी गोष्ट कायदा लिहिणाऱ्याला माणूस कळतो याची खूण आहे. आमच्या गावातला शेतकरी कायदा माहीत नसल्यामुळे गप्प बसत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच उद्या बाग कापायला यायचा असतो, त्यानेच खताचे पैसे उधार दिलेले असतात, आणि तो आला नाही तर शेजारच्या गावचा दुसराही येत नाही. नाव उघड करून तक्रार करायची म्हणजे पुढच्या हंगामाची दारं स्वतःच लावून घ्यायची.

तरीही युरोपचा कायदा आपल्याला इथे थेट उपयोगी पडेल असं कुणी मानू नये. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची मानांकन मिळालेली २२ टन केळी दुबईला गेली. जळगावच्या केळीची निर्यात मुख्यतः आखाताकडे होते, आणि तिकडच्या आयातदारावर ब्रुसेल्सचा नियम चालत नाही. शिवाय असे कायदे ज्याने प्रत्यक्ष माल पुरवला त्याला, म्हणजे निर्यातदाराला, संरक्षण देतात. त्याच्यामागे उभा असलेला शेतकरी त्या सौद्यात पक्षच नसतो. हिरवी केळी १३-१४ अंशांच्या कंटेनरमध्ये बंद होऊन समुद्रावर गेली, आणि पलीकडच्या बंदरातून 'माल पिवळा पडला' असा फोन आला, की ती कपात पायरीपायरीने उतरत बांधावर येते. नफा मात्र त्याच पायऱ्यांनी खाली उतरताना मी पाहिलेला नाही. म्हणून नियम हवा तो आपला, आणि बांधापासून बंदरापर्यंत प्रत्येक पायरीला लागू होणारा.

आपल्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' हे शब्द आहेत. ते ग्राहक संरक्षण कायद्यात आहेत, विकत घेणाऱ्याच्या रक्षणासाठी. शेतकऱ्याने बियाणं घेतलं तर तो ग्राहक, त्याच बियाण्याचा माल विकला तर तो कुणीच नाही. लघुउद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावं लागतं, असा २००६ चा कायदा सांगतो. पण पीक काढणारा शेतकरी त्या उद्योगांच्या नोंदणीत बसत नाही. उसाला मात्र १९६६ च्या आदेशातला नियम आहे: १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. तो सरसकट पाळला जात नाही. पण आहे म्हणून तरी ऊस उत्पादक कारखान्याच्या दारात हक्काने उभा राहतो, आयुक्तांकडे जातो, जप्तीची मागणी करतो. केळी, मका, कांदा, मिरची पिकवणाऱ्याला उभं राहायला एवढीही जागा नाही. उसाला जे मिळालं ते संघटित राजकीय ताकदीमुळे मिळालं. म्हणून ते इतरांना मिळू नये, याला काहीच आधार नाही.

कायदा कडक झाला तर व्यापारी येणारच नाहीत, असा आक्षेप नेहमी निघतो. तो मी हलका मानत नाही. छोट्या व्यापाऱ्याचेही पैसे पुढे दिल्लीत, उत्तरेकडच्या मंड्यांत अडकतात आणि तोही कुणाच्या तरी 'पुढच्या महिन्या'वर जगतो. नेमकं म्हणूनच ३० दिवसांचा नियम साखळीच्या वरच्या टोकापासून लागायला हवा. मोठ्या खरेदीदाराने वेळेत पैसे सोडले तरच खालच्या शेठला ते आप्पांना देता येतील. जळगावात पांढऱ्या कांद्याची करारशेती जैन इरिगेशनने या शतकाच्या सुरुवातीला आणली, तेव्हा किमान भाव आधी सांगून सौदा करता येतो हे इथल्या लोकांनी पाहिलं. लेखी करार खानदेशी मातीत रुजत नाही, हे म्हणणं टिकत नाही.

पुढच्या पानांत कायद्याची भाषा येईल, कलमं येतील, दूरच्या देशांची उदाहरणं येतील. ती वाचताना धीर सुटू नये म्हणून वाचकांना एक विनंती. घरात मालाची शेवटची पट्टी असेल तर ती शोधा. तिच्यावर 'वजा' किती वेळा आलं आहे ते मोजा, पैसे कोणत्या तारखेला ठरले होते आणि कोणत्या तारखेला मिळाले ते तिच्या मागे लिहा. पट्टी मिळालीच नसेल तर तेही एका कागदावर लिहून ठेवा. आणि तो कागद समोर ठेवून पुढचं पान उलटा.